कार्लटन वॉटकिन्स : योसेमिटी जगाला दाखवणारा माणूस

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचे फोटो म्हटलं की सगळ्यांना फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आठवतो, आणि तो मोठा होताच, पण त्याच्या जन्माच्या ४१ वर्षं आधी एक माणूस तिथे काचा घेऊन गेला होता, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही.

कार्लटन वॉटकिन्सचा जन्म १८२९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ओनियोंटा गावचा. सोन्याच्या मागे सगळी अमेरिका कॅलिफोर्नियाकडे पळत होती त्या काळात तोही तिकडे गेला, आणि रॉबर्ट व्हान्सच्या स्टुडिओत नोकरी करता करता फोटोग्राफी शिकला.

१८६१ मध्ये तो योसेमिटीच्या दरीत गेला तो डझनभर खेचरांवर सामान लादून. तेव्हा फोटो एन्लार्ज करायची धड सोय नव्हती, म्हणजे मोठा फोटो हवा तर निगेटिव्हच (ती तेव्हा काचेवर काढत) तेवढी मोठी हवी, म्हणून त्याने १८ बाय २२ इंचाची काच बसेल असा कॅमेरा मुद्दाम बनवून घेतला होता. आता ही काच वापरायची कशी ते बघा. तंबूच्या अंधारात तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच हळूहळू कलती करत ते चारी कोपऱ्यांपर्यंत सारखं पसरवायचं, मग काचेला प्रकाश टिपता यावा म्हणून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून एक्स्पोज करायची आणि वाळायच्या आत परत तंबूत आणून डेव्हलप करायची. धुळीचा एक कण बसला की सगळं फुकट. एवढं करून त्याने ३० मोठ्या निगेटिव्ह आणल्या, आणि त्या काचा फुटू न देता त्या वाटांवरून खाली आणल्या याचं मला आजही नवल वाटतं.

१८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या गुपील गॅलरीत हे फोटो लागले आणि लोक बघतच राहिले. पुढे कॅलिफोर्नियाचे सेनेटर जॉन कॉनेस यांनी दरी राखून ठेवायचं विधेयक आणलं, आणि ३० जून १८६४ ला, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने त्यावर सही केली. ज्यांनी ती दरी कधी बघितलीच नव्हती त्यांना ती पटवून देण्यात या फोटोंचा मोठा वाटा होता असं इतिहासकार मानतात.

पण वॉटकिन्सला धंदा कधी जमला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत थाटाने काढलेली योसेमिटी आर्ट गॅलरी १८७५-७६ च्या मंदीत कर्जापायी गेली, सोबत निगेटिव्हही गेल्या आणि मग आय. डब्ल्यू. टेबर नावाचा फोटोग्राफर त्याच निगेटिव्हचे प्रिंट स्वतःच्या नावाने विकायला लागला. हे वाचताना जीव तुटतो. वयाची पन्नाशी आलेली असताना हा माणूस पुन्हा योसेमिटीला गेला, त्याच जागांवर कॅमेरा लावला आणि सगळं नव्याने काढायला घेतलं, या फोटोंना त्याने 'न्यू सीरिज' असं नाव दिलं.

१८९० नंतर नजर जात चालली. मधे एकदा तर बायको आणि दोन मुलांना घेऊन रेल्वेच्या एका जुन्या डब्यात राहायची वेळ आली, तेव्हा रेल्वेसम्राट झालेला गावचा जुना मित्र कॉलिस हंटिंग्टन याने त्याला कॅपे व्हॅलीत थोडी जमीन दिली. स्टुडिओतला उरलेला संग्रह स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीला द्यायचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगीत सगळं जळून गेलं. प्रिंट, निगेटिव्ह, कागदपत्रं, काही उरलं नाही.

१९१० मध्ये त्याला नापाच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथेच १९१६ मध्ये तो गेला, आणि त्याच आवारात नावाचा दगडही न लावता त्याला पुरलं.