बॅकअपमधून फाइली रिस्टोअर करणे व टाइमस्टँपची तपासणी

सर्व्हरवरील फाइली खराब झाल्यास किंवा चुकून पुसल्या गेल्यास आधी राखून ठेवलेल्या प्रतीवरून त्या पुन्हा जागेवर आणणे, याला रिस्टोअर करणे असे म्हणतात. फाइल उघडली म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु परत आलेली फाइल नेमकी कोणत्या दिवसाची व कोणत्या घडीची आहे, हे पडताळल्याशिवाय रिस्टोअर पूर्ण झाले असे मानता येत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात महापे, रबाळे व ऐरोली येथे मोठी डेटा सेंटरे उभी राहिल्यामुळे नवी मुंबईत हे काम अनेकांच्या पोटापाण्याचे झाले आहे.

सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स या संगणक-प्रणालीत प्रत्येक फाइलीसोबत तीन मुख्य वेळा, म्हणजेच टाइमस्टँप, नोंदलेल्या असतात. मजकूर शेवटचा बदलला ती वेळ म्हणजे एमटाइम, फाइल शेवटची वाचली गेली ती एटाइम, आणि मजकुरात किंवा मालकी, परवानगी यांसारख्या माहितीत शेवटचा फेरफार झाला ती सीटाइम. सीटाइम म्हणजे फाइल निर्माण झाल्याची वेळ, असे अनेक जण समजतात, पण ते खरे नाही. निर्मितीची वेळ एक्स्ट-४ ही फाइल-व्यवस्था वेगळी नोंदवते. या वेळा १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, मोजल्या जातात. त्यामुळे रिस्टोअर केलेल्या फाइलीवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी भारतीय वेळ दिसली, तर तिथे बहुधा मूळ नोंद हरवून शून्य उरले आहे, हे जाणकाराच्या तत्काळ लक्षात येते.

तपासणीचे मर्म एमटाइम व सीटाइम यांच्यातील फरकात आहे. एमटाइम एखाद्या प्रोग्रामला हवा तसा लावता येतो; सीटाइम मात्र कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः घड्याळ पाहून लिहितो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातील एखाद्या पेढीची हिशेबाची फाइल ३१ मार्चला रात्री ११:४५ वाजता शेवटची जतन झाली आणि ९ एप्रिलला पहाटे २:१० वाजता रिस्टोअर झाली, असे समजू. फाइलीच्या वेळा दाखवणारी ‘स्टॅट’ ही आज्ञा दिल्यावर एमटाइम ३१ मार्चचा आणि सीटाइम ९ एप्रिलचा दिसला, तर फाइल आपला इतिहास घेऊन परतली आहे. दोन्ही ठिकाणी ९ एप्रिल दिसल्यास मजकूर शाबूत असूनही वर्षअखेरचा पुरावा गेला, आणि लेखापरीक्षकाला आता दुसरा आधार द्यावा लागेल.

ही हानी बहुतेक वेळा साधनाच्या वापरातून होते. प्रत काढणाऱ्या साध्या ‘सीपी’ आज्ञेने केलेल्या प्रतीला नवी वेळ मिळते, अनेक फाइली एकत्र बांधणारा ‘टार’ त्या उलगडताना मूळ एमटाइम राखतो, आणि दोन ठिकाणच्या फाइली जुळवणाऱ्या ‘आरसिंक’ला तसा पर्याय द्यावा लागतो. जुन्या धर्तीच्या झिप फाइलींचा धोका अधिक छुपा आहे, कारण त्यांत वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते, पण ते घड्याळ कोणत्या देशाचे याची नोंद नसते. वरील फाइल महापे येथे झिप करून जागतिक वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर उघडली, तर ११:४५ हीच तिथली वेळ मानली जाते. भारतीय वेळेत ती १ एप्रिलची पहाटे ५:१५ होते आणि फाइल पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

घड्याळेच चुकीची असतील तर तपासणीला अर्थ उरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवण्यास आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस राखण्यास सांगितले आहे. एमटाइम हवा तसा बदलता येत असल्यामुळे, मजकूर तोच असल्याची खात्री बॅकअप घेताना नोंदलेल्या एसएचए-२५६ चेकसमशी, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेल्या ओळख-संख्येशी, ताडूनच करावी.

टाइमस्टँप अचूक राखल्यानेही एक पेच निर्माण होतो, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. सोमवारी खराब झालेली फाइल त्या रात्रीच्या बॅकअपमध्ये गेली आणि मंगळवारी शनिवारची चांगली प्रत जुन्या एमटाइमसह परत आणली, तर केवळ एमटाइम पाहून बदललेल्या फाइली उचलणारी यंत्रणा मंगळवारी रात्री तिला जुनी समजून वगळते. बॅकअपमधील सर्वांत ताजी प्रत मग सोमवारची, म्हणजे खराबच राहते, आणि पुढच्या रिस्टोअरला तीच परत येते. म्हणून सीटाइमही पाहणारी यंत्रणा वापरावी, नाहीतर रिस्टोअर झालेल्या रात्रीच संपूर्ण बॅकअप घ्यावा.