चूक वैमानिकाची, पण कारणं किती?

८ जानेवारी १९८९. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये धूर आला. वैमानिकांनी इंजिन बंद केलं, पण उजवं, म्हणजे धडधाकट असलेलं. ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरताना डाव्या इंजिनानंही दगा दिला आणि केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या थोडं अलीकडे, विमान महामार्गाच्या बांधावर आदळलं. १२६ पैकी ४७ जणांचा जीव गेला.

आपल्याकडे ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ अशा एका ओळीत बातमी संपते, तसं इथेही ‘वैमानिकाची चूक’ म्हणून मोकळं होता आलं असतं. चूक झाली होतीच. पण पुढचा अपघात टाळण्यासाठी नेमकं काय बदलायचं, ते त्या ओळीतून कळत नाही.

मानवी चुकांच्या कारणांचं वर्गीकरण करणारी सॉफ्टवेअर्स याच कामासाठी आहेत. त्यांच्या मुळाशी वर्गीकरणाची एखादी ठरलेली पद्धत असते. विमान क्षेत्रातली सर्वांत परिचित पद्धत म्हणजे एचफॅक्स (मानवी घटकांचं विश्लेषण आणि वर्गीकरण). ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या मांडणीवरून स्कॉट शॅपेल आणि डग्लस विगमन यांनी ती अमेरिकी नौदलाच्या विमान अपघातांसाठी तयार केली. तिच्या चार पातळ्या आहेत: प्रत्यक्ष कृती, त्या कृतीमागची परिस्थिती, देखरेख आणि संस्था. तपासनीस घटनाक्रमातला एकेक मुद्दा घेतो, स्क्रीनवरच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि तो मुद्दा योग्य त्या गटात नोंदवतो.

केगवर्थच्या वेळी एचफॅक्स नव्हतं, तरी तो अपघात या चौकटीत बसवून पाहू. पहिल्या पातळीवर निर्णयातली चूक, इतकंच. दुसऱ्या पातळीवर मात्र बरंच काही हाती लागतं. इंजिनाची स्थिती दाखवणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचे लांब यांत्रिक काटे जाऊन नव्या पॅनेलवर तबकडीच्या कडेनं सरकणारे छोटे एलईडी काटे आले होते. कंपन कितीही वाढलं तरी त्यासाठी ना दिवा लागे, ना गजर वाजे. पूर्वीच्या विमानांच्या अनुभवामुळे कॅप्टनचा कंपनमापकावर भरवसाच नव्हता. केबिनमधली हवा मुख्यतः उजव्या इंजिनाकडून येते, तेव्हा धूरही तिथलाच, असा त्यांचा समज झाला. त्यात उजव्या इंजिनाची शक्ती कमी केली आणि नेमकी त्याच वेळी थरथर कमी झाली! आपलं बरोबर आहे असं कुणालाही वाटलं असतं. मागे बसलेल्यांना डाव्या बाजूच्या ठिणग्या दिसल्या होत्या, पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचलीच नाही.

तिसऱ्या पातळीवर प्रशिक्षण येतं. या पॅनेलचं सिम्युलेटर उपलब्ध नव्हतं, म्हणून वैमानिकांनी ते पहिल्यांदा वापरलं तेच प्रवासी घेऊन उडताना. आणि उंचावर उडताना पात्याला होणारं घातक कंपन इंजिनाच्या चाचण्यांत सापडलं नव्हतं, ते कुठे नोंदवायचं? मूळ एचफॅक्स चौथ्या पातळीवर, म्हणजे विमान कंपनीच्या संस्थेपाशी थांबतं. उत्पादक आणि नियामक त्याच्या बाहेर राहतात. पुढे खाणींसाठी केलेल्या आवृत्तीत ‘बाहेरचे घटक’ ही पातळी वर जोडावी लागली. माझ्या मते या साधनांचा खरा धोका हाच आहे: यादीत जे नाही, ते शोधायला सहसा कुणी जात नाही.

तरीही वर्गीकरण हवंच, कारण एकट्या घटनेत न दिसणारी गोष्ट शेकडो घटना शेजारी ठेवल्यावर दिसते. सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हाही हे झालं आहे. १९४७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ‘चुकां’चे ४६० अनुभव गटवार लावले. जवळपास निम्म्या वेळा वैमानिकाचा हात एका नियंत्रणाऐवजी दुसऱ्याच नियंत्रणावर पडला होता. चाकं वर-खाली करण्याची आणि पंखांवरच्या फ्लॅप्सची (हलत्या पट्ट्यांची) नियंत्रणं एकसारखी आणि शेजारी शेजारी होती. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी त्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच उपाय सुचवला होता: चाकांच्या नियंत्रणाला छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीसारखा आकार. न बघताही हाताला फरक कळतो. आजच्या प्रवासी विमानांतही चाकांच्या लिव्हरची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

अर्थात आकडे मोजायचे तर एकच घटना सगळ्यांनी एकाच गटात टाकायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण दलाने वापरलेल्या एचफॅक्सच्या आवृत्तीची अशी परीक्षा २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासणाऱ्यांचं आपसात पुरेसं एकमत होत नसल्याचं दिसलं. यादी जितकी बारीक, तितके मतभेद जास्त. म्हणून दोघांनी एकमेकांचं न पाहता वर्गीकरण करावं आणि जिथे उत्तरं वेगळी आली तिथेच बसून चर्चा करावी, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. आता घटनांची वर्णनं वाचून आपोआप गट ठरवणारी मशीन लर्निंगची साधनंही येत आहेत. ती जुन्या नोंदींवरूनच शिकतात. जुन्या तपासनिसांनी ‘वैमानिकाचं दुर्लक्ष’ असा शेरा सढळ हातानं मारला असेल, तर यंत्रही तोच मारणार. म्हणून गटाच्या क्रमांकासोबत माणसाच्या शब्दांतलं मूळ वर्णन जपून ठेवायला हवं, म्हणजे दहा वर्षांनी यादी बदलली तरी त्या घटना नव्यानं लावता येतील.