जुना एक्सपी, नवा लॅपटॉप आणि घरातलं नेटवर्क: पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे खाली दुकान आणि वर घर ही रचना नेहमीची. अशा ठिकाणी विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर सहजासहजी भंगारात जात नाही, कारण बिलं छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच्या पॅरलल पोर्टला जोडलेला असतो आणि जुनी खातीही त्याच्याच डिस्कवर असतात. वरच्या मजल्यावर मुलांचा विंडोज ११ चा लॅपटॉप. दोघं एका राउटरला जोडले, दोन्ही दिवे लागले, तरी फाइल जात नाही. दोष बहुतेक वेळा वायरीला दिला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडण्याची पद्धत, १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभं केलं. पुढे बराच काळ स्वस्त नेटवर्क म्हणजे एकच पातळ कोअॅक्स केबल होती. तिची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (सिग्नल परत फिरू न देणारी टोपणं). एक जोड सैल झाला की सगळ्या कॉम्प्युटरांचं नेटवर्क बंद. १९९० च्या मानकाने प्रत्येक कॉम्प्युटरला हबपर्यंत (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डबीपर्यंत) स्वतंत्र, पीळ दिलेल्या जोड्यांची वायर दिली. १९९५ मध्ये १०० मेगाबिट आणि १९९९ मध्ये गिगाबिट आलं, पण कनेक्टर तोच आरजे-४५ राहिला. दोन्ही टोकं आपसांत वेग ठरवून घेतात, म्हणून जुनं १०० मेगाबिटचं नेटवर्क कार्ड आजच्या राउटरवरही चालतं. काही नव्या २.५ गिगाबिट स्विचना (हबच्या जागी आलेल्या डब्यांना) मात्र १० मेगाबिटचा वेग येत नाही. फार जुनं कार्ड असेल तर मध्ये साधा गिगाबिट स्विच टाकावा.

१०० मेगाबिटला पिन १, २, ३ आणि ६ पुरतात, गिगाबिटला आठही तारा लागतात. त्यामुळे नवा लॅपटॉप १०० वरच अडकला, तर आधी क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टरमध्ये तारा दाबून बसवलेल्या आहेत ते, तपासावं. रंगांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती घेऊ नये. वाकवली की तार तुटते. गच्चीवरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची केबल घ्यावी. साधं आवरण खानदेशच्या उन्हात तडकतं. जुन्या कार्डावर कुणी ‘फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) हाताने ठरवून ठेवलं असेल, तर समोरची बाजू ‘हाफ’वर (एका वेळी एकच) जाते आणि फाइल रांगत जाते. ते पुन्हा ‘ऑटो’ करावं.

वाय-फायची गोष्ट वेगळी. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्या काळातली बरीच कार्डं डब्ल्यूईपी या जुन्या, कच्च्या सुरक्षेवरच थांबली. त्यांच्यासाठी राउटरची सुरक्षा उतरवू नये, जुन्याला केबलच द्यावी. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फारसा पार होत नाही, तेव्हा नव्या लॅपटॉपलाही दुसऱ्या खोलीत केबलच बरी.

२००५ मध्येच बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. त्या काळातले मॉडेम-राउटर आज फायबरच्या राउटरशेजारी स्विच म्हणून वापरले जातात. जुन्यातलं डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते आपोआप वाटणारी सोय) चालू राहिलं की दोघंही पत्ते वाटतात आणि इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. त्याचं डीएचसीपी बंद करावं. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि केबल लॅन पोर्टातच घालावी.

खरी तुटातूट फाइल शेअरिंगची आहे. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी २००६-०७ मध्ये व्हिस्टाबरोबर आली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पहिल्या आवृत्तीतल्याच भोकातून जगभर पसरला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये आपोआप चालू देणं हळूहळू बंद केलं. विंडोज ७ बरोबर आलेला, घरातल्या फाइल वाटून घेण्याचा होमग्रुपही २०१८ मध्ये काढला गेला. म्हणून पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का, याची चाचणी) जातं, पण फोल्डर उघडत नाही.

पहिली आवृत्ती नव्या लॅपटॉपवर पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तो देणार नाही. तिसऱ्या, लिनक्स टाकलेल्या जुन्या यंत्रावर एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) सर्व्हर ठेवावा. एक्सपीचा एक्सप्लोरर एफटीपी उघडतो आणि लॅपटॉपवर फाइलझिला हे एफटीपीचं सॉफ्टवेअर चालतं. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे तो पोर्ट राउटरवरून बाहेर खुला करू नये. एक्सपीला पत्ता १९२.१६८.१.६० असा हाताने द्यावा (तो राउटरच्या वाटपात नाही ना, हे पाहून), मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे (बाहेर जायचा रस्ता) व डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) कोरे. मग घरातली यंत्रं त्याला भेटतात, पण बाहेरच्या इंटरनेटकडे जायची वाट त्याला सापडत नाही. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली असल्याने हा कोरा गेटवे सोडू नये, बिलाचं सॉफ्टवेअर अपडेटसाठी कितीही मागे लागलं तरी.