कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात ‘इंग्लिश सी १०००’ घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि वर्गातले नियम

फ्रीमाँट, कूपर्टिनो, सॅन होजे भागातल्या मराठी घरांत या कोर्सला अजून ‘वन-ए’च म्हणतात. २०२५च्या फॉल सत्रापासून मात्र राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत त्याचा क्रमांक एकच झाला आहे: इंग्लिश सी १०००, म्हणजे अकॅडेमिक रीडिंग अँड रायटिंग. पुढे यूसी किंवा सीएसयू या कॅलिफोर्नियाच्या दोन सरकारी विद्यापीठसमूहांत ट्रान्सफर घ्यायचा, म्हणजे उरलेली पदवी तिथे पुरी करायची असेल, तर हा कोर्स चुकत नाही आणि त्यात किमान ‘सी’ ग्रेड लागते. यूसीला इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स हवे असतात, त्यातला हा पहिला.

भारतात बी.कॉम. किंवा बी.ए. केलेल्यांना वाटतं की तिथलं कंपल्सरी इंग्लिश इथे धरतील. कॅल-जीईटीसी या ट्रान्सफरच्या चौकटीत परदेशी विद्यापीठाचं इंग्रजी लेखन मोजत नाहीत. त्यामुळे पदवी असो वा नसो, सुरुवात इथूनच करावी लागते. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. तुम्हाला इंग्रजी येतं की नाही हे तपासायला हा कोर्स नाहीच. तो काय शिकवतो ते पुढे सांगते, कारण आपली मुलं आणि आपण स्वतः अडखळतो ते तिथेच.

कोणाला घेता येतो

एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांचे नवरा-बायको किंवा मुलं म्हणून, असलेल्यांना व्हिसा न बदलता शिकता येतं, पूर्ण वेळ किंवा एकच विषय घेऊन. अनेक बायका तीन-चार वर्षं घरी बसून राहतात, केवळ हे कोणी सांगितलं नाही म्हणून. एच-४ वरच्या मुलांनी मात्र लक्षात ठेवावं की २१ पूर्ण झाली की तो दर्जा संपतो, म्हणून एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची तयारी आधीच करावी लागते. एफ-२ वर असाल, म्हणजे नवरा किंवा बायको विद्यार्थी व्हिसावर असेल, तर अर्धवेळ शिकता येतं, पूर्ण वेळ नाही. बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर नातवंडांकडे आलेल्या आजी-आजोबांना क्रेडिटच्या कोर्सला नाव घालता येत नाही.

फीचं गणित राहण्याच्या काळावर ठरतं. कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले गेलात तर युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटचा कोर्स १८४ डॉलर, वर आरोग्य वगैरेंची किरकोळ फी. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसावा लागतो: राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचं लीज. एच-४ वाल्यांना हे रहिवासीपण मिळू शकतं. एफ-१ वाल्यांना नाही, त्यांना बाहेरच्यांचा दर लागतो आणि तो कितीतरी जास्त असतो.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज सीसीसीअप्लाय या संकेतस्थळावर, फुकट. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ‘नाही’ असा पर्याय तिथेच आहे, त्यावाचून अडू नका. पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) समोर ठेवून बसा, कारण तारखा विचारतात. एफ-१ वर येणाऱ्यांचा अर्ज वेगळा असतो. तो कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे जातो आणि त्याला पासपोर्ट, बारावीची गुणपत्रिका, बँकेतल्या पैशांचा पुरावा आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण जोडावे लागतात. महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका इंग्रजीत असते, तिच्या भाषांतरावर पैसे घालवू नका.

लग्न झालेल्या बायकांची एक अडचण जवळपास ठरलेली. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं. कॉलेजात नाव पासपोर्टप्रमाणेच घाला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत (नाव गॅझेटमध्ये बदललं असेल तर त्या गॅझेटचीही) स्कॅन करून ठेवा. पुढे ट्रान्सफरच्या वेळी हीच प्रत तुमचे आठ दिवस वाचवते.

पूर्वी प्रवेशाआधी इंग्रजीची पातळी ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट असायची आणि कित्येकजण दोन-दोन वर्षं खालच्या वर्गांत अडकून पडत. २०१७ सालच्या एबी ७०५ कायद्याने ते थांबलं. आता शाळेतल्या गुणांवरून थेट सी १०००त घेतात. शाळा भारतात झाली असेल तर बहुतेक कॉलेजं ‘गाइडेड प्लेसमेंट’ देतात, म्हणजे काही प्रश्नांची उत्तरं देऊन तुम्हीच पातळी ठरवायची. दोन वाटा असतात. एक, सी १००० घेऊन त्याच्या जोडीला एखाद-दोन युनिटचा सपोर्ट क्लास. दुसरी, आधी ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठीचे वर्ग. मराठी माध्यमातून शिकून सात-आठ वर्षं इंग्रजी लिहिलं नसेल तर सपोर्ट क्लासवाली वाट मला बरी वाटते, कारण वेळही जात नाही आणि हात धरायला कोणीतरी असतं.

सिलॅबस हा करार आहे

पहिल्या आठवड्यात प्राध्यापक जो सिलॅबस देतात, तो आपल्याकडच्या अभ्यासक्रमासारखा धड्यांची यादी नसतो. हजेरी, उशिरा दिलेल्या कामाचे गुण, फोन, ग्रेडची टक्केवारी, एआयचा वापर, सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि तंटा झाला की तोच कागद उघडला जातो. दोन प्राध्यापकांचे नियम सारखे नसतात. एकीकडे दिवसाला दहा टक्के कापतात, दुसरीकडे उशिराचं काम घेतच नाहीत. मैत्रिणीच्या वर्गात चाललं म्हणून आपल्यात चालेल, असं धरू नका.

वेळेचा हिशोब आधीच करा. सोळा-अठरा आठवड्यांच्या सत्रात एका युनिटला आठवड्याला साधारण एक तास वर्गात आणि दोन तास घरी, असा ठोकताळा आहे. चार युनिट म्हणजे आठवड्याला बारा तास. घर, लहान मूल आणि अर्धवेळ नोकरी सांभाळून हे जमतं, पण वेळापत्रकात ते बारा तास कुठे आहेत हे दिसायला हवं.

शेवटी एक मोठी परीक्षा आणि तिच्या आदल्या रात्री जागरण, ही पद्धत इथे नाही. निबंधाचा कच्चा खर्डा, वर्गातल्या जोडीदाराने त्यावर लिहिलेली टिप्पणी, सुधारलेला खर्डा, मग अंतिम प्रत, आणि प्रत्येक टप्प्याला गुण. बऱ्याच वर्गांत कच्चा खर्डा दिला नसेल तर अंतिम प्रत घेत नाहीत. पुनर्मूल्यांकनाचा अर्जही नाही. राज्याच्या शिक्षण कायद्यानुसार प्राध्यापकाने दिलेली ग्रेड अंतिम असते. चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अकार्यक्षमता दाखवता आली तरच ती बदलते. म्हणून गुण पटत नसतील तर सत्र चालू असतानाच, त्या निबंधाच्या आठवड्यातच ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन विचारायचं.

दुसऱ्याचं वाक्य, आपलं वाक्य

इथे थोडी थांबते, कारण मी स्वतः इथेच ठेचकाळले होते. माझा पहिला निबंध ग्रेडविना परत आला. प्राध्यापिकेने एका परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, ‘हे कोणाचं म्हणणं?’ मी वाचलेल्या लेखातलंच होतं ते, शब्द बदलून लिहिलेलं. लबाडी करायची म्हणून केलं नव्हतं. शाळेत आम्ही गाईडमधली उत्तरं पाठ करायचो आणि जितकी जशीच्या तशी येतील तितके गुण जास्त. तिथे ती हुशारी होती. इथे तिला प्लेजरिझम म्हणतात. निबंधाला शून्य मिळू शकतं आणि प्रकरण शिस्तीच्या विभागाकडे जाऊ शकतं.

समजा एका लेखिकेचं मूळ वाक्य असं आहे: ‘नदीकाठच्या गावांत पूर आला की आधी विहिरींचं पाणी खराब होतं आणि मग आठवडाभरात साथी सुरू होतात.’ विद्यार्थी लिहितो: ‘नदीच्या काठावरील खेड्यांत पूर आल्यावर प्रथम विहिरींचं पाणी दूषित होतं आणि एका आठवड्यात रोगराई पसरते.’ शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच. खाली लेखिकेचं नाव दिलं तरी हे चालत नाही. चालतं ते असं: ‘पुरानंतरच्या साथींचं मूळ ही लेखिका विहिरींत शोधते. ते खरं असेल तर पहिल्या आठवड्यातली मदत धान्याच्या आधी स्वच्छ पाण्याची हवी, असं मला वाटतं.’ तिचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याला दिसतं. संबंध सत्र हेच शिकवतात. व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या तर फार बिघडत नाही, पण ‘मला वाटतं’ला आधार नसेल तर निबंध उभा राहत नाही.

संदर्भ देण्याची पद्धत बहुधा एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) असते आणि तिच्या हस्तपुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ची आहे. दोन ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, वर उजवीकडे आडनाव आणि पान क्रमांक. हे एकदा साच्यात बसवून ठेवा आणि विसरून जा.

मराठीत विचार करून गूगल ट्रान्सलेटमधून काढलेला परिच्छेद, ग्रामरली, चॅटजीपीटी, यांतलं काय चालेल हे सिलॅबसमध्ये स्पष्ट नसेल तर प्राध्यापकांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. निबंध गूगल डॉक्समध्ये लिहा. प्रत्येक बदलाचा इतिहास तिथे राहतो आणि ‘हे तुम्हीच लिहिलं का’ असा प्रश्न आला तर तोच पुरावा होतो.

सवलत, गैरहजेरी, कोर्स सोडणं

डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकण्याची किंवा दिसण्याची अडचण, नैराश्य, यांपैकी काही असेल तर डीएसपीएस या अशा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कॉलेजच्या विभागाकडे डॉक्टरांचे किंवा मानसतज्ज्ञांचे कागद घेऊन सत्राच्या आधीच जा. ते प्राध्यापकांना पत्र देतात. पत्रात फक्त सवलत लिहिलेली असते, आजाराचं नाव नसतं. ही सवलत पत्र दिल्यापासून पुढे लागू होते, मागच्या निबंधाला नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पोराला आठव्या आठवड्यापर्यंत रडत ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. हे कृपा करून करू नका.

पुण्याहून वडिलांनी कॉलेजला फोन करून मुलीचे गुण विचारले तर मिळत नाहीत. फेर्पा या १९७४च्या कायद्याने कॉलेजात पाऊल टाकलं की नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा होतो. तिने लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी.

कोर्स झेपत नसेल तर नुसतं जाणं बंद केलं की ‘एफ’ लागते. ठरलेल्या तारखेआधी स्वतः ड्रॉप केला तर नोंद राहत नाही, त्यानंतर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) लागते. आजारपण किंवा घरातलं दुःख सत्राच्या अखेरीस कोसळलं तर ‘इन्कम्प्लीट’ मागता येतं आणि उरलेलं काम जास्तीत जास्त वर्षभरात पुरं करायचं असतं.

एफ-१ वाल्यांनी इथे विशेष जपावं. सत्राला किमान १२ युनिट हवेत, आणि त्यांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो. ड्रॉप केल्याने आकडा १२च्या खाली जाणार असेल तर बटण दाबण्याआधी डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचं काम पाहणारा कॉलेजचा अधिकारी) परवानगी घ्या, नंतर घेतलेली उपयोगाची नाही. सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाची अडचण, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीवर नाव लागणं, या कारणांसाठी अशी परवानगी देता येते. ती त्या पातळीच्या शिक्षणात एकदाच मिळते, किमान सहा युनिट तरीही राखावे लागतात आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्ण वेळ.

ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ नको. ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, विषयाच्या ओळीत कोर्सचा क्रमांक आणि वर्गाचा दिवस-वेळ, मग दोन ओळींत काम.

आणि पहिल्या तासाला हजर राहा. न आलेल्यांची नावं प्राध्यापक त्याच दिवशी कमी करू शकतात. तुमचं नाव वेटलिस्टवर असेल तर त्याच तासाला जाऊन बसा आणि तास संपल्यावर ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायला लागणारा क्रमांक, मागा.