खुलासा: ‘खोलीचं तापमान’ म्हणजे जळगावच्या खोलीचं नव्हे

‘रेड वाइन थंड करायची नसते, खोलीच्या तापमानालाच प्यायची’, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते चूक आहे. यातली खोली युरोपातल्या जुन्या थंड घरांमधली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४४ वर जातो, तेव्हा कूलर लावूनही घर ३० च्या खाली येणं कठीण.

एवढ्या उष्णतेत नाशिकची शिराझ (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) ओतली की आधी अल्कोहोलच नाकात चढतं. मिरीचा आणि पिकल्या फळाचा वास त्याखाली दबतो, चव सैल, जळजळीत लागते. मग ‘भारतीय रेडमध्ये दम नाही’ असा शेरा बसतो, आणि हा त्या वाइनवर अन्याय आहे.

बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या; बाटली गळ्यापर्यंत बुडवून १५ ते २० मिनिटं ठेवा. नुसता बर्फ नको: खड्यांमध्ये हवा राहते, थंडावा काचेला नीट भिडत नाही. फ्रिजमध्ये याच कामाला दीड-दोन तास लागतात. रात्रभर ठेवलीत तर वास मिटतो, टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) बोचतं. तसं झालं तर आधी पाऊण तास बाहेर ठेवा. एका वेळी ५० मिली ओता, ग्लासात ती भराभर तापते. आणि चाखणं शेवभाजीच्या आधी. तिखटावर अल्कोहोल जास्त झोंबतं.

माळ्यावर उन्हाळा काढलेल्या बाटलीचं वेगळं. वाइन फुगून बूच वर सरकतं, गळ्यापाशी चिकट ओघळ दिसतो, वास शिजवलेल्या फळाचा येतो. ती थंड करूनही सुधारत नाही. तिच्यावरून परीक्षण लिहू नका.