शिकागोची साउथ साइड: कागदांनी आखलेली वस्ती

शिकागोच्या मध्यवर्ती भागातून रेड लाइनची गाडी पकडून दक्षिणेकडे ९५व्या रस्त्यापर्यंत जावं. ३५व्या रस्त्याचं स्टेशन मागे पडलं की डबा जवळजवळ सगळा कृष्णवर्णीय प्रवाशांचा होतो. अमेरिकेत नव्याने गेलेल्या आपल्या माणसांना तिथले ओळखीचे लोक 'साउथ साइडला फिरकू नका' असं बजावतात. शहराच्या दक्षिण भागातली कृष्णवर्णीयांची ही वस्ती इथेच का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: माणसं आपापल्यांत राहतात. हे उत्तर चूक आहे. या वस्तीची हद्द खरेदीखतांत, सरकारी नकाशांत आणि हप्त्यांच्या करारांत लिहून ठेवलेली आहे.

१९१० साली शिकागोत कृष्णवर्णीय होते ४४ हजार, शहराच्या जेमतेम दोन टक्के. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले आणि खाटीकखान्यांना, पोलाद कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापसावर कीड पडली होती, आणि जमावाने कृष्णवर्णीय माणसाला झाडाला लटकवलं तरी कुणाला शिक्षा होत नव्हती. 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र रेल्वेच्या पुलमन शयनडब्यांतले नोकर गाडीबरोबर मिसिसिपीपर्यंत पोचवत. त्यात उत्तरेतल्या नोकऱ्यांची माहिती असे. लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या गाड्यांनी येऊन बाराव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरू लागले. १९३० पर्यंत आकडा २ लाख ३४ हजारांवर गेला.

एवढी माणसं राहिली ती स्टेट स्ट्रीटच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात. त्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणत. पट्ट्याबाहेर घर घ्यायला गेलेल्यांना आधी बॉम्बने अडवलं गेलं. १९१७ ते १९२१ या काळात कृष्णवर्णीयांच्या आणि त्यांना घरं विकणाऱ्यांच्या दारांवर ५८ बॉम्ब टाकले गेले. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा मिशिगन सरोवरात पोहताना २९व्या रस्त्याजवळ गोऱ्यांच्या किनाऱ्यासमोर वाहत गेला. काठावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय.

बॉम्बपेक्षा जास्त टिकली ती वकिली भाषा. रंगावरून वस्त्या ठरवणारे नगरपालिकांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केले. मग तीच अट घरमालकांनी आपसांतल्या करारात घातली. आपलं घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, अशा सह्या करायच्या आणि ते कागद नोंदवून टाकायचे. १९२७ मध्ये शिकागोच्या घरदलालांच्या मंडळाने या कराराचा नमुनाच तयार केला. त्यात एक सवलत होती: झाडलोट करणारा, मोटार हाकणारा किंवा घरकाम करणारा नोकर मालकाच्या तळघरात वा मागच्या गॅरेजवर राहू शकतो. राबायला घरात आणि मालक म्हणून मात्र वेशीबाहेर. गावकुसाबाहेरची वस्ती ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याची फोड करून सांगायला नको.

कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९३७ साली वॉशिंग्टन पार्कजवळ ऱ्होड्स ॲव्हेन्यूवर, करारात बांधलेल्या भागात घर घेतलं. बाहेर जमाव जमला. खिडकीतून आलेली वीट त्यांच्या धाकट्या मुलीला थोडक्यात चुकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यात कराराचं पितळ उघडं पडलं. तो लागू व्हायला ९५ टक्के मालकांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्यक्षात होत्या सुमारे ५४ टक्के. १९४० मध्ये हॅन्सबेरी जिंकले, पण करारांची पद्धत शाबूत राहिली. असे करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडलं.

तोवर पट्ट्याच्या आत घरं कापली जात होती. सहा खोल्यांचा फ्लॅट सहा कुटुंबांना. खोलीत एक शेगडी, बर्फाची पेटी, पलंग. संडास मजल्यावर सामायिक. याला 'किचनेट' म्हणत, आणि भाडं गोऱ्या वस्तीतल्या धड घरापेक्षा चढं. याच गर्दीतून ब्रॉन्झव्हिल ही गजबजती वस्ती उभी राहिली, हेही तितकंच खरं. १८९१ पासूनचं प्रॉव्हिडंट हॉस्पिटल, ४७व्या रस्त्यावरची थिएटरं, आणि १९५० साली पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स, हे सगळं इथलं. या लोकांनी तिथे शहर वसवलं. त्या मेहनतीची नोंद न घेता नुसती दैना सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा कागद सरकारी. मंदीत बुडालेली गृहकर्जं सावरायला १९३३ साली केंद्राने महामंडळ काढलं आणि त्याने शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय राहत असले की रंग लाल. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या सरकारी कर्जहमीनेही अशा वस्त्या टाळल्या, आणि हमी नसली की बँक दारात उभं करत नसे.

मग उरला तिसरा कागद, आणि माझ्या मते सगळ्यांत क्रूर. दलाल गोऱ्या मालकाला 'ते येताहेत' म्हणून घाबरवायचा, घर स्वस्तात घ्यायचा आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला दुपटीच्या आसपास भावाने हप्त्यांवर द्यायचा. कागद आपल्या साठेखतासारखा: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. दुरुस्ती, कर सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसे गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. हप्त्यापायी नवराबायको दोन-दोन नोकऱ्या करत, पोटभाडेकरू ठेवत, डागडुजी राहून जाई. आणि शेजारचे गोरे म्हणत, 'बघा, घराची काय कळा केली.' पश्चिमेकडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये १९५० साली कृष्णवर्णीय १३ टक्के होते, १९६० मध्ये ९१. १९६८ साली तिथल्याच खरेदीदारांनी संघटना बांधली आणि पुढे हप्ते रोखून धरले.

१९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग याच नॉर्थ लॉनडेलमध्ये भाड्याने राहायला आले. ऑगस्टमध्ये मार्क्वेट पार्क या भागातल्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा त्यांच्या हत्येनंतर आठवड्याने, एप्रिल १९६८ मध्ये झाला.

दरम्यान महापालिकेने स्वस्त घरं बांधली तीही जुन्याच पट्ट्यात. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये १६ मजल्यांच्या २८ इमारती स्टेट स्ट्रीटलगत एका ओळीत होत्या. शेजारून त्याच सुमारास डॅन रायन महामार्ग गेला. २००७ पर्यंत शेवटची इमारतही पाडली गेली. शहरातली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९८० साली १२ लाखांजवळ होती, २०२० मध्ये ती ८ लाखांच्या खाली आली. कुणी दक्षिणेकडच्या उपनगरांत गेलं, कुणी आजोबा जिथून निघाले त्या दक्षिणेतल्या अटलांटाला.

जुन्या करारांची कलमं मात्र कित्येक घरांच्या दप्तरात अजून तशीच आहेत. ती नोंदीतून काढून टाकण्याचा अर्ज घरमालकाला करता यावा, असा इलिनॉय राज्याचा कायदा २०२२ साली लागू झाला.