इस्त्रियाचे कास्तेल्लिएरी: डोंगरमाथ्यावरच्या तटबंद्यांची पार्श्वभूमी

इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया जिथे अगदी जवळ येतात तिथे त्रिएस्ते शहराच्या मागे कार्स्टचं चुनखडीचं पठार आहे आणि दक्षिणेला इस्त्रिया हे द्वीपकल्प. तिथल्या कितीतरी टेकड्यांच्या माथ्यावर दगडांची कडी पडलेली आहेत. हे जुन्या तटबंद वस्त्यांचे अवशेष, त्यांना कास्तेल्लिएरी म्हणतात. १९व्या शतकात त्रिएस्तेचे मोठे इतिहासकार पिएत्रो कांडलर म्हणायचे की ही रोमन लष्कराची ठाणी, आणि बराच काळ लोकांनी तेच धरलं, कारण एवढी भक्कम भिंत रोमनांच्या आधी इथलं कोण बांधणार, असाच तेव्हाचा समज. मला हा समज फार अन्यायाचा वाटतो.

तो मोडायला सुरुवात केली इस्त्रियाचे अभ्यासक तोमासो लुचियानी आणि रिचर्ड बर्टन यांनी. हा तोच बर्टन, जो मुंबईच्या फौजेत होता, मराठीची परीक्षा पास झाला होता आणि ज्याने १८५१ मध्ये गोव्यावर पुस्तक काढलं. १८७२ पासून तो त्रिएस्तेला ब्रिटिश कॉन्सल होता. टेकड्या फिरून त्याने लिहिलं की हे अवशेष प्रागैतिहासिक आहेत. मग कार्लो मार्केसेत्ती, मूळचा डॉक्टर आणि वनस्पतीशास्त्रज्ञ, त्याने वर्षानुवर्षं खोदून, नकाशे काढून १९०३ ला सगळ्याची पद्धतशीर नोंद छापली, जी आजही वापरतात.

क्रोएशियातल्या रोविन्य शहराजवळचं मोन्कोदोन्या हे कास्तेल्लिएरे बघा म्हणजे कळेल. समुद्रसपाटीपासून जेमतेम ८१ मीटर, पण वर बालेकिल्ला, त्याखाली वरची वस्ती, त्याखाली खालची, आणि सगळ्याला मिळून जवळपास एक किलोमीटरचा तट. भिंत म्हणजे आपल्या कोकणातल्या गडग्यासारखीच, चुना नाही माती नाही, फक्त इथे दोन्ही बाजूंना मोठे दगड नीट रचून मध्ये बारीक दगडांची भर घातलीय. हे इसवीसनपूर्व १८०० च्या आसपासचं, म्हणजे रोम शहराचा पत्ता नव्हता तेव्हाचं! कार्स्टवर दगडाला तोटा नाही, पण पाऊस पडला की पाणी चुनखडीत गडप होतं, शेती काय ती खोलगट खड्ड्यांतल्या लाल मातीत, बाकी मेंढ्या, बकऱ्या, गुरं. अशा ठिकाणी एवढा तट उभारायचा म्हणजे बरीच माणसं एकत्र राबवणारं कोणीतरी असणारच, मला तरी दुसरं काही पटत नाही.

गंमत म्हणजे कांडलर पूर्ण चुकीचे नव्हते. विमानातून लेझर मारून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात ना, त्या लायडारमधून आणि नंतरच्या तपासातून त्रिएस्तेजवळच्या सान रोक्को आणि ग्रोचाना पिक्कोला इथल्या तटबंद्या रोमन लष्करी छावण्या निघाल्या, हा पेपर २०१५ ला आला. संशोधक सान रोक्कोचा संबंध इसवीसनपूर्व १७८ च्या मोहिमेशी लावतात, जी कास्तेल्लिएरीत राहणाऱ्या हिस्त्री लोकांवरच होती. पुढच्या वर्षी त्यांचं मुख्य ठाणं नेसाक्तियम पडलं, त्यांचा राजा एपुलोने जीव दिला, आणि नंतर तिथेच रोमन शहर वसलं.